आंग्रे, कार्ल्सबर्ग आणि विहिरीतला काळा पाषाण

देवगाव फाट्याच्या शिवारात विहीर खणायला घेतली, की खाली काय काय लागणार हे जुनी माणसं आधीच सांगून ठेवतात. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि त्याखाली कुदळीला दाद न देणारा काळा पाषाण. सुरुंग लावून तो फोडत गेलं तर मध्येच एखादा गेरूसारखा तांबडा पट्टा येतो आणि पुन्हा पाषाण सुरू होतो. जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या फाट्यापासून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. इथे समुद्राचा विषय निघतो तो पावसाच्या अंदाजापुरता. पण विहिरीतला हा पाषाण आणि अरबी समुद्राचा तळ यांची हकिकत एकमेकींत गुंतलेली आहे. जमिनीकडची बाजू १९५० च्या दशकात उलगडायला लागली आणि समुद्राकडची १९६३ मध्ये. त्याआधी पावणेदोनशे वर्षं लोक या समुद्राचा तळ चाचपत होते, पण तळ कसा आहे याचं कुतूहल म्हणून क्वचितच. जहाज आपटू नये, कोळशाची बोट वेळेवर पोचावी, तारेचा दोर तुटू नये, अशी कामं असली की पैसे सुटायचे. ज्या भागात असलं काम नव्हतं, तो भाग नकाशावर कोराच राहिला.

सुरुवात मुंबईची. ईस्ट इंडिया कंपनीचं ‘बॉम्बे मरीन’ नावाचं छोटं आरमार होतं. त्यातला लेफ्टनंट जॉन मॅक्लुअर १७८५ नंतरच्या चार-पाच वर्षांत इराणचं आखात आणि हिंदुस्थानचा पश्चिम किनारा मोजत फिरला. त्याने काढलेले नकाशे लंडनला अलेक्झांडर डॅलरिंपलकडे जात. डॅलरिंपल हा कंपनीचा नकाशा-अधिकारी. पुढे १७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाचा पहिला जलनकाशाकार तोच झाला. मोजण्याची हत्यारं दोन: दोर आणि शिसं. शिशाच्या लांबट गोळ्याच्या बुडाला खोलगट वाटी असे, तिच्यात चरबी भरायची. जहाजाच्या पुढच्या बाजूला उभा राहून खलाशी गोळा फेकायचा, तळाला टेकला की दोरावरच्या खुणा हाताने चाचपून खोली ओरडून सांगायचा. खोलीचं माप ‘वाव’, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर. आपल्याकडे विहीर परसावर मोजतात, म्हणजे उभ्या माणसावर; तसंच समुद्राचं माप आडव्या माणसावर. गोळा वर आला की चरबीला काय चिकटलंय ते पाहायचं: वाळू, चिखल, शंखांचा चुरा. काहीच चिकटलं नाही आणि चरबीवर नुसता ठसा उमटला, तर खाली खडक. हे सगळं नकाशावर आकड्यांशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं जाई. रात्री किंवा धुक्यात आपण कुठे आहोत हे तळाच्या मातीवरून ओळखणारे तांडेल त्या काळी होते.

या दोरांनी जे सापडलं त्यात एक गंमत आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे. आजूबाजूला तळ शेकडो मीटर खोल, आणि हे मध्येच वर आलेलं, इतकं की काही ठिकाणी वीसेक मीटरवर प्रवाळ दिसतात. त्याचं नकाशावरचं नाव ‘आंग्रिया बँक’. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, विजयदुर्ग १७५६ मध्ये इंग्रजांनी घेतला, आंग्र्यांचं आरमार संपलं. ज्यांना इंग्रजांचे कागद हयातभर चाचे म्हणत राहिले, त्यांचंच नाव इंग्रजांच्या जलनकाशाने समुद्राखालच्या डोंगराला दिलं आणि ते आजतागायत टिकलं. अलिबागेत समाधी आहेच, पण दर्यासारंगाला हे स्मारक जास्त शोभतं असं मला वाटतं.

पुढची मोठी मोजणी वाफेच्या जहाजाने करायला लावली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुएझला निघाली. टपाल आफ्रिकेला वळसा न घालता तांबड्या समुद्रातून न्यायचं होतं, पण तांबडा समुद्र म्हणजे प्रवाळांचं रान. म्हणून ‘पॅलिन्युरस’ आणि ‘बिनारस’ ही दोन जहाजं १८२९ पासून तिथे मोजणीला लागली. पॅलिन्युरसचा कप्तान रॉबर्ट मोर्सबी. बॉम्बे मरीनचं नाव १८३० मध्ये बदलून ‘इंडियन नेव्ही’ झालं, तरी काम तेच राहिलं. तांबडा समुद्र आटोपल्यावर मोर्सबीने मालदीव मोजलं, मग चागोस बेटं. तापाने माणसं आजारी पडत होती, तरी होड्या रोज उतरत होत्या. शिसं फेकणारे आणि दोर ओढणारे हात पुष्कळदा रत्नागिरी-काठियावाडकडच्या खलाशांचे असत. नकाशाच्या कोपऱ्यात साहेबांची नावं छापली जात, खलाशांची नाहीत.

मोर्सबीच्या या नकाशांचा उपयोग एका अशा माणसाने केला, ज्याने मालदीव कधी पाहिलंही नव्हतं. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये प्रवाळबेटांवरचं पुस्तक काढलं, त्यात मालदीव आणि चागोसचं सगळं विवेचन मोर्सबीच्या आकड्यांवर उभं आहे. डार्विनचं म्हणणं असं, की बेट हळूहळू खाली बुडत जातं आणि प्रवाळ त्याच्या कडेने वर वाढत राहतात. म्हणजे समुद्राचा तळ खचू शकतो. जहाजं आपटू नयेत म्हणून काढलेल्या नकाशांचा भूगर्भाच्या सिद्धांताला आधार मिळाला तो असा.

पण हे सगळं किनाऱ्यालगतचं आणि बेटांभोवतीचं. भर समुद्रात काय, ते कुणी पाहिलं नव्हतं. शंभर-दोनशे वावांनंतर तळ लागला नाही की नुसती खूण करून पुढे जायचं. ‘हिला बूड नाही’ असं गावाकडे एखाद्या बारवेबद्दल म्हणतात, तेच समुद्राबद्दल नकाशावर चक्क छापलं जात होतं. बूड शोधायला लावलं तारायंत्राने. कराची ते एडन अशी समुद्रातून टाकलेली तार १८६० च्या सुमारास फुकट गेली. दोर जिथे टाकायचा तो तळ कसा आहे हे न बघता टाकल्यावर दुसरं काय होणार? म्हणून १८६८ मध्ये ब्रिटिश नौदलाचं ‘हायड्रा’ हे जहाज कप्तान शॉर्टलंडच्या हाताखाली एडन-मुंबई मार्गावर खोली मोजायला पाठवलं. खोल पाण्यात जुनं शिसं चालत नाही. दोराचंच वजन इतकं होतं की गोळा टेकला कधी ते वर कळत नाही, आणि एकेका मोजणीत तास मोडतात. हायड्रावर एक नळी वापरली गेली. तिच्याभोवती लोखंडी वजनं अडकवलेली. नळी तळात रुतली की आकडा सुटून वजनं खालीच राहतात आणि हलकी नळी चिखल भरून वर येते. या उपकरणाला पुढे जहाजाचंच नाव पडलं.

मग १४ फेब्रुवारी १८७० रोजी ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईहून एडनकडे तार टाकत निघालं. त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं जहाज, आणि अंगाला पांढरा रंग दिलेला, का तर पोटातला तारेचा दोर मुंबईच्या उन्हाने तापू नये म्हणून. एडनपर्यंतची ही सुमारे तीन हजार किलोमीटरची वाट त्याच वर्षी पुढे लंडनला जोडली गेली. कापसाचा भाव काही आठवड्यांऐवजी काही तासांत कळू लागला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, पण परभणी-जालन्याकडचा कापूस मुंबईच्याच बाजाराकडे बघत असे.

यानंतर दोन वर्षांनी ‘चॅलेंजर’ जहाजाची जगप्रसिद्ध सफर निघाली. समुद्रविज्ञानाचं कुठलंही पुस्तक तिथूनच सुरू होतं. पण चॅलेंजर हिंदी महासागराच्या दक्षिणेच्या थंड टोकाने निघून गेलं. अरबी समुद्रात आलंच नाही. तरी त्याचा एक धागा इकडे पोचतो. चॅलेंजरवरच्या जॉन मरेने पुढे हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरच्या दगडात फॉस्फेट ओळखलं आणि खाणीचा परवाना मिळवला. खतातून मिळालेला पैसा १९१४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर समुद्रसंशोधनासाठी राहिला. त्याच पैशावर १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ हे इजिप्तचं छोटं जहाज अरबी समुद्रात उतरलं. मोहिमेचा प्रमुख सीमोर सेवेल, भारतीय प्राणिसर्वेक्षणाचा माजी संचालक. खलाशी इजिप्तचे, दोन शास्त्रज्ञही इजिप्तचे. कराची, मुंबई, मोंबासा, झांझिबार, कोलंबो अशी त्याची फेरी झाली.

माबाहिसवर दोराऐवजी आवाज होता. जहाजाच्या बुडातून ठोका द्यायचा आणि तळावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकायचा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो, म्हणजे चार किलोमीटर खोलीचं उत्तर सव्वापाच सेकंदांच्या आसपास. हायड्राला ज्या एका आकड्यासाठी जहाज थांबवून तास घालवावे लागत, तो आता चालत्या जहाजावर मिळू लागला. सुट्या ठिपक्यांऐवजी तळाची अखंड रेषा मिळायला लागली, आणि त्या रेषेत डोंगर होते.

डोंगराची चाहूल थोडी आधी लागली होती. डेन्मार्कच्या ‘डाना’ जहाजाने १९२८ ते १९३० च्या फेरीत अरबी समुद्राच्या मध्यावर एक उंचवटा नोंदला. मोहिमेचा खर्च कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाने उचलला होता, म्हणून नाव ‘कार्ल्सबर्ग रिज’. होय, तीच बिअर. आंग्र्यांपासून दीडेक हजार किलोमीटरवर एका दारूभट्टीचं नाव पाण्याखाली कोरलं गेलं. पैसा ज्याचा, डोंगर त्याचा. माबाहिसने ही रांग अनेकदा ओलांडली, तिच्यावरून बेसाल्टचे तुकडे खरवडून आणले, आणि उत्तरेकडे आणखी एक रांग शोधली, तिला मरेचं नाव मिळालं. बेसाल्ट म्हणजे आपल्या विहिरीतल्या पाषाणाच्याच जातीचा दगड.

सेवेल आणि लंडनच्या संग्रहालयातला वाइजमन यांनी १९३७ मध्ये अरबी समुद्राच्या तळावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी म्हटलं, की कार्ल्सबर्ग रांगेच्या माथ्यावरून लांबच लांब घळ गेलेली दिसते आणि ती पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीसारखी आहे. या लेखाकडे फारसं कुणी पाहिलं नाही, आणि दोन वर्षांत महायुद्ध सुरू झालं. माझ्या मते समुद्रतळाच्या इतिहासात इतकं मोठं निरीक्षण इतक्या शांतपणे दुर्लक्षिलं गेल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल. कारण हीच घळ १९५२ च्या सुमारास अमेरिकेत मेरी थार्पला अटलांटिकच्या आकड्यांत दिसली, तेव्हा ती नवीन गोष्ट ठरली. थार्पला जहाजावर जाऊ देत नसत, बाई म्हणून. तिचा सहकारी ब्रूस हीझन समुद्रावरून आकडे आणायचा आणि ती टेबलाशी बसून रेषा काढायची. घळ दाखवल्यावर हीझनने ‘बायकी गप्पा’ म्हणून ती उडवून लावली. मग शेजारच्या टेबलावर भूकंपांचे ठिपके मांडले जात होते, ते नेमके त्या घळीवर पडले. तेव्हा हीझन गप्प झाला. दोघांचा हिंदी महासागराचा नकाशा १९६४ मध्ये आला. त्यात जिथे आकडे होते तिथे डोंगर आणि जिथे नव्हते तिथे थार्पचा अंदाज. पण अंदाज असा, की पुढे बराचसा खरा निघाला.

तोवर हिंदी महासागरावर जगाची नजर वळली होती. १९५९-६० पासून १९६५ पर्यंत आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालली. चाळीसहून जास्त जहाजं त्यात होती. भारताकडून नौदलाची ‘कृष्णा’ ही जुनी लढाऊ बोट प्रयोगशाळा बसवून उतरवली गेली, आणि भारतीय कामाची सूत्रं एन. के. पणीक्कर यांच्याकडे होती. याच मोहिमेत ब्रिटिश नौदलाचं ‘ओवेन’ नोव्हेंबर १९६२ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेवर पोचलं. केंब्रिजचा ड्रमंड मॅथ्यूज त्यावर होता. जहाजामागे लांब तारेवर चुंबकमापक बांधून, शेतात नांगर धरावा तसं, रांगेच्या एका छोट्या तुकड्यावरून समांतर फेऱ्या मारल्या.

आकडे घेऊन मॅथ्यूज केंब्रिजला आला आणि ते फ्रेड व्हाइन नावाच्या विद्यार्थ्याच्या हातात दिले. त्या तुकड्यात पाण्याखालचे दोन ज्वालामुखी डोंगर होते. संगणकावर हिशेब केल्यावर एकाचं चुंबकत्व आजच्या दिशेचं निघालं, दुसऱ्याचं नेमकं उलटं. लाव्हा थिजतो तेव्हा त्यातले लोहकण त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून कायमचे बसतात. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात हे जमिनीवरच्या खडकांवरून माहीत होतं. तेव्हा रांगेच्या घळीतून नवा लाव्हा वर येतो, थिजतो, दोन्हीकडे सरकतो, आणि दर वेळी त्या काळचा ध्रुव नोंदवून जातो. म्हणून तळावर सुलट-उलट असे पट्टे पडतात. व्हाइन आणि मॅथ्यूज यांचा हा लेख ७ सप्टेंबर १९६३ च्या ‘नेचर’मध्ये आला. कॅनडातल्या लॉरेन्स मोर्लीने हेच आधी लिहून पाठवलं होतं, पण दोन नियतकालिकांनी ते परत केलं. असल्या गोष्टी पार्टीत बोलायला ठीक आहेत, अशा अर्थाचा शेरा एका परीक्षकाने मारला होता. खंड सरकतात की नाही या वादाला निर्णायक वळण अरबी समुद्राच्या तळाने दिलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र त्या प्रकरणात अटलांटिकचंच चित्र असतं.

आता जमिनीकडची बाजू. दख्खनच्या पठाराचा काळा दगडही थिजलेला लाव्हाच. आज उरलेला विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. देवगाव फाट्याच्या विहिरीतला पाषाणाचा एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोट, आणि मधला तांबडा पट्टा म्हणजे दोन लोटांच्या मधल्या काळात कुजून माती होऊ लागलेला माथा. या दगडातही लोहकण आहेत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५० च्या दशकात दख्खनचे नमुने मोजले. होकायंत्राची सुई विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जाताना खाली झुकत जाते. लोहकणांचा झुकाव मोजला की दगड कुठल्या अक्षांशावर थिजला ते कळतं. उत्तर आलं की हे दगड विषुववृत्ताच्या बरंच दक्षिणेला थिजले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हेच काम चालू होतं. राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइचसोबत १९५९ मध्ये दख्खनच्या दगडांवर लिहिलं. आठवले, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा भारतीय खडकांच्या प्राचीन चुंबकत्वावरचा लेख छापून आला १९६३ मध्ये, व्हाइन-मॅथ्यूजच्याच वर्षी.

दख्खनचा दगड सांगत होता की मी दक्षिणेकडून आलो. कसा आलो, हे त्याला सांगता येत नव्हतं. ते कार्ल्सबर्ग रांगेने सांगितलं: दख्खनच्या लाव्हानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला, मधल्या भेगेतून नवा तळ तयार होत गेला, आणि भारत उत्तरेकडे ढकलला गेला. दोन्हीकडची नोंद एकाच लिपीत आहे, फक्त समुद्रात ती पट्ट्यांनी शेजारी शेजारी पसरली आहे आणि दख्खनमध्ये थरांवर थर रचून ठेवली आहे.

पुढचं काम भारतीय हातांनी झालं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली, पणीक्कर तिचे पहिले संचालक. ती गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. (नौदलाचं जलनकाशांचं मुख्य कार्यालय १९५४ पासून डेहराडूनला आहे. समुद्र देवगाव फाट्याहून लांब वाटणाऱ्यांना यात थोडा दिलासा मिळावा.) पैसा याही वेळी गरजेमागेच आला. सोव्हिएत जहाजाच्या मदतीने मुंबईपासून दीडशेएक किलोमीटरवर तळाखालची घुमटी सापडली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या छिद्रण जहाजाला तिथे तेल लागलं. त्या तेलाच्या चुनखडीखाली अनेक ठिकाणी दख्खनचाच लाव्हा आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने खोल तळावरून धातूंचे गोळे उचलले. मग ‘सागर कन्या’ आली, आणि एका ठोक्यात तळाचा रुंद पट्टा मोजणारं यंत्र तिच्यावर बसलं. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या लक्ष्मी खोऱ्यात गाडले गेलेले डोंगर शोधले. त्यांना रामन, पणीक्कर आणि वाडिया अशी नावं पडली. हे वाडिया भूशास्त्रज्ञ, गोदीतले नव्हेत.

याच लक्ष्मी खोऱ्यात २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत एक आंतरराष्ट्रीय छिद्रण जहाज उभं राहिलं. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक धनंजय पांडे. साडेतीन किलोमीटर पाणी आणि त्याखाली किलोमीटरहून जास्त गाळ भेदून पाइप बेसाल्टला टेकला. गाळ बहुतेक सिंधू नदीने हिमालयातून आणलेला. मध्येच शेकडो मीटर जाडीचा एक थर असा लागला, की तो एकाच प्रचंड दरडीचा होता. भारताच्या पश्चिम उतारावरून एक कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास कोसळलेल्या. आमच्याकडे बोअरची गाडी दोन-तीनशे फुटांवर पाषाणात अडखळली तरी शेतकरी हिशेब करायला बसतो.

भारताने ११ मे २००९ रोजी आपल्या समुद्रतळाच्या हद्दीचा दावा संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला. त्यासाठी तळाची खोली आणि गाळाची जाडी मोजून द्यावी लागते, म्हणजे नकाशा हाच सातबारा. १५ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत एक करार झाला. कार्ल्सबर्ग रांगेवरच्या १० हजार चौरस किलोमीटर तुकड्यात, उकळत्या झऱ्यांनी साचवलेले तांबं, जस्त आणि सोनं शोधण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाने भारताला दिला. जगाच्या समुद्रतळाचा जेमतेम पाव हिस्सा आज नीट मोजलेला आहे. या १० हजार चौरस किलोमीटरची मोजणी गोव्याहून सुरू होईल.